पाचशेवाले कर्णिक

रेवा, सुट्टीत पक्ष्यांचे फोटो काढायचं तू ठरवलं आहेस, लेन्ससाठी ठेवलेले पैसे बेताचे आहेत, आणि दुकानदार, मैत्रिणी आणि इंटरनेट हे तिघेही तुला वेगवेगळं सांगत आहेत. म्हणून तू विचारलंस, "आजोबांनी त्यांची लेन्स कशी निवडली होती?" तुझ्या भावाला, ईशानला, लेन्सशी काही देणंघेणं नाही, पण त्याला गोष्ट हवी असते. तेव्हा दोघांसाठी एकत्रच लिहिते. आजोबांनी लेन्स कशी निवडली हे सांगायचं, तर त्याआधीचं वर्षभर त्यांनी ती का निवडली नाही हे सांगावं लागेल. त्याचं कारण एक माणूस होता. त्याचं नाव कर्णिक.

कर्णिकांना सगळे 'सर' म्हणत. ते कधी कुठल्या शाळेत, कॉलेजात किंवा क्लासमध्ये शिकवायला नव्हते. रंगाच्या एका कंपनीत विक्री खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ए विंगमध्ये भाड्याने राहायला आले. आल्या आल्या त्यांनी निसर्गप्रेमींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात स्वतःच्या नावापुढे स्वतःच 'सर' लिहिलं, आणि लोकांनी ते मान्य केलं. पदवी मिळवण्याचा इतका सोपा मार्ग असताना मी एम.ए.साठी दोन वर्षं का घालवली, असं मला तेव्हा वाटून गेलं.

ते आमच्यापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी लहान होते, पण आम्हाला काका-काकू म्हणत. त्यात आदर नव्हता. आम्हाला म्हाताऱ्यांच्या बाकावर बसवून ठेवण्याची ती सोय होती.

त्यांच्याकडे एक लेन्स होती. तिला ते 'माझी पाचशे' म्हणत. पाचशे म्हणजे पाचशे मिलिमीटर. लांबचा पक्षी नाकासमोर आणणारी, वजनाला तान्ह्या मुलाएवढी आणि किमतीला आमच्या पहिल्या फ्लॅटएवढी. तिच्यावर पानापानांच्या नक्षीचं कापडी अंगरखं होतं. स्वतः कर्णिकही तसल्याच नक्षीचं, चौदा खिशांचं जाकीट घालत. जंगलात प्राण्यांना माणूस दिसू नये म्हणून हा पोशाख असतो, हे मला माहीत आहे. पण कर्णिक तो घालून, पाचशे खांद्यावर टाकून स्टेशनाजवळ भाजी घ्यायला जात. मेथीच्या जुड्यांना त्यांचा सुगावा लागू नये अशी काळजी असावी.

फोटो मात्र ते खरोखर काढत, आणि प्रत्येक फोटो दिसेल त्याला दाखवत. मी त्यांचे शेकडो फोटो पाहिले असतील. खरं सांगायचं तर एकच फोटो शेकडो वेळा पाहिला. मधोमध पक्षी आणि मागे काहीच नाही. नुसता हिरवा रंग, नाहीतर पिवळा. पक्षी कुठल्या झाडावर होता, काय खात होता, त्याच्या मागे डोंगर होता की कचऱ्याचा डबा, काही कळायचं नाही. जुन्या कंपनीच्या, रंगछटा दाखवणाऱ्या शेड कार्डावर एकेक पक्षी चिकटवावा तसं ते दिसे. कर्णिकांना मात्र त्या मागच्या नसण्याचाच अभिमान होता. "बघा काका, मागचं कसं लोणी झालंय!" असं म्हणून ते फोनवर बोट आपटत. काही चुकून राहिलंच, एखादी काटकी, एखादी वायर, तर घरी जाऊन ते कॉम्प्युटरवर पुसून टाकत. याला ते 'सफाई' म्हणत.

दर रविवारी सकाळी ग्रुपची मंडळी डोंगराच्या पायथ्याशी जमायची. नवीन कुणी आलं की कर्णिक हात पुढे करत. "बघू, काय आणलंय." मग ती लेन्स दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर उचलावा तशी धरत आणि सगळ्यांकडे बघत. आमच्या खालच्या मजल्यावर शलाका नावाची मुलगी राहते, बँकेत आहे. तिने हौसेने स्वतःच्या कमाईतून एक साधी झूम लेन्स घेतली होती. कर्णिकांनी ती चिमटीत धरून म्हटलं, "शिकायला ठीक आहे. फोटो काढायला नाही." सगळे हसले, शलाकाही हसली. दुसऱ्या रविवारी ती गेली नाही, तिसऱ्या रविवारीही नाही. दोन पावसाळे ती लेन्स कपाटात पडून राहिली आणि आपल्या इथल्या दमट हवेत तिच्या काचेला आतून बुरशी आली. ती काही निघत नाही. 'काचेत तडजोड नाही' हे कर्णिकांचं आवडतं वाक्य होतं. त्या वाक्याने किती काचा कपाटात कुजल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही.

पक्षी झाडीत लपलेला असला की कर्णिक फोनवर त्याच जातीच्या पक्ष्याचा आवाज लावत. बिचारा पक्षी आपल्या हद्दीत दुसरा कोण आला म्हणून धावत बाहेर येतो, आणि फोटो मिळतो. तुमच्या आजोबांना हे आवडत नसे. एकदा तेही बरोबर होते. कर्णिकांनी झुडपाआड बसून पिंगळ्याचा आवाज लावला. समोरच्या झुडपातून लगेच उत्तर आलं. कर्णिकांनी खूण केली, सगळ्यांनी श्वास रोखले. इकडून आवाज, तिकडून उत्तर, असं अर्धा तास चाललं. शेवटी आजोबांचे पाय आखडले म्हणून ते उठून पलीकडे गेले, तर तिथे भांडुपहून आलेला दुसरा एक ग्रुप बसला होता. त्यांच्याही म्होरक्याच्या हातात फोन होता. आजोबा परत येऊन म्हणाले, "कर्णिक, तिकडे पण एक सरच आहेत."

ग्रुपवर ही सकाळ 'पिंगळ्याची हुलकावणी' म्हणून नोंदली गेली.

आता आजोबांच्या लेन्सकडे येते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते तीन महिने बाल्कनीत बसून होते. आपल्या बाल्कनीसमोर, ए आणि बी विंगच्या मधे तो जुना विलायती शिरीष आहे ना, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात, त्याच्या खोडात दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक ढोली आहे. त्या ढोलीत धनेशाचं घरटं आहे, हे अख्ख्या सोसायटीत पहिल्यांदा आजोबांच्या लक्षात आलं. धनेशाची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. तिचं आणि पिल्लांचं सगळं खाणं नर बाहेरून फटीतून भरवतो. आजोबा रोज सकाळी मला सांगत, "आज उंबर आणलं," "आज सरडा आणला." माझ्या स्वयंपाकाबद्दल ते इतक्या बारकाईने कधी बोलल्याचं आठवत नाही.

त्यांना त्याचे फोटो काढावेसे वाटले. तुमच्या बाबाने दिलेला कॅमेरा होता, पण त्याच्या छोट्या लेन्समध्ये धनेश मुंगीएवढा दिसे. घाटकोपरच्या एका गृहस्थांकडे जुनी सत्तर ते तीनशेची झूम लेन्स विकायला आहे असं त्यांना कळलं. ती आमच्या ठरवलेल्या पैशांत बसत होती. पण आजोबांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुणी मोठ्या आवाजात बोललं की त्याला जास्त कळतं, असं ते धरून चालत. ते कर्णिकांना विचारायला गेले.

कर्णिक तीन संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले.

"बजेट किती काका?"

आजोबांनी सांगितलं.

"एवढ्यात माझ्या पाचशेचं झाकण येईल." मग माझ्याकडे वळून, "काकू, भजी झकास झालीत."

"सत्तर-तीनशे मिळतेय एक," आजोबा म्हणाले.

"तिनं बारशाचे फोटो काढा. धनेश म्हणजे काय खेळ वाटला? उजेड कमी पडला की वाट लागेल तुमची."

"पण कर्णिक, झाड इथून वीस-पंचवीस पावलांवर..."

"प्रश्न अंतराचा नाही ना काका, क्लासचा आहे. थोडे आणखी साठवा. काचेत तडजोड नाही."

तीन संध्याकाळींत त्या गृहस्थाने एकदाही विचारलं नाही, की काका, तुम्ही बसणार कुठे? तुम्हाला नक्की काय दिसायला हवं आहे? तुमचा हात थरथरतो का? रेवा, लेन्स निवडताना विचारायचे प्रश्न एवढेच आहेत. आजोबा खुर्चीत बसणार होते, त्यांना पूर्ण झाड आणि ढोलीतली चोच दोन्ही हवं होतं, आणि हो, त्यांचा हात थरथरत होता. हे सगळं कर्णिकांच्या समोर, भज्यांच्या बशीपलीकडे बसलेलं होतं. पण पाचशेतून इतक्या जवळचं दिसत नसावं.

आजोबांनी साठवायचं ठरवलं. तो हंगाम गेला. धनेश पुढच्या उन्हाळ्यात परत आले, मादीने दार लिंपलं, आणि त्याच आठवड्यात झाडावर नोटीस लागली.

सोसायटीला गाड्या ठेवायला जागा हवी होती. सेक्रेटरी सावंत यांनी झाड तोडायची परवानगी मागितली होती. झाड पोकळ आहे, धोकादायक आहे, असं कारण दिलं होतं. हरकत असल्यास कळवा, असं नोटिशीत लिहिलं होतं. आजोबांनी ती वाचली, वर आले आणि बराच वेळ बाल्कनीचा कठडा धरून उभे राहिले. झाड पडलं असतं तर नर उडून गेला असता. मादी दाराआड तशीच खाली आली असती, पिल्लांसकट.

हरकतीचा अर्ज मी टाईप केला. पालिकेकडून झाड बघायला एक बाई येणार होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, घरट्याचा पुरावा ठेवा. आजोबा म्हणाले, "आता मी ती लेन्स घेतोच."

हे कर्णिकांच्या कानावर गेलं. जिन्यातच त्यांनी आजोबांना अडवलं. "वेडे आहात का काका? मी आहे ना! उद्या पाचशे बाहेर काढतो."

आजोबांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

कर्णिकांनी चार दिवस खाली तळ ठोकला. पाचव्या दिवशी फोटो आला. मोठा छापून, चौकट करून, कोपऱ्यात सोनेरी सही. नर धनेश, चोचीत लालभडक उंबर, आणि समोर फटीतून आलेलं मादीच्या चोचीचं टोक. मागे लोणी. फोटो सुंदर होता. मी तो बिस्किटाच्या डब्यासाठी जरूर निवडला असता.

बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. दुपारची वेळ होती, नर कुठे दिसत नव्हता. सावंत वर बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, ती नुसती भेग आहे हो. झाड सडलंय. उद्या कुणाच्या डोक्यावर पडलं तर सेक्रेटरीला धरतील."

कर्णिकांनी चौकट पुढे केली. बाईंनी ती नीट पाहिली.

"पक्षी छान आहे. पण झाड कुठलं?"

"हेच की!"

"कशावरून?"

"मॅडम," सावंत म्हणाले, "हे सर नेहमी जंगलात जातात. तिथला फोटो असेल."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? कर्णिकांनी बाईंना मागचं कसं घालवायचं, हे समजावून सांगायला घेतलं. "मॅडम, बॅकग्राउंड दिसूच नये, हीच तर त्यात कला आहे. इथे फांदीला केबलची वायर बांधलेली होती, मागे ए विंगची भिंत येत होती. किती सफाई केलीय बघा, कळतं तरी का?"

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारतेय. सफाई न केलेला फोटो द्या. वायर दिसली तर मी ती इथे ताडून बघू शकते."

"ओरिजिनल मी कुणाला देत नाही."

"का?"

"अर्धवट काम बाहेर जाऊ देत नाही मॅडम. लोक मला ओळखतात."

आजोबा म्हणाले, "कर्णिक, अहो, ती आत बसली आहे."

"काका, तुम्हाला नाही कळणार. प्रिन्सिपलचा प्रश्न आहे."

मी आयुष्यात अनेक लहान माणसं पाहिली आहेत. ऑफिसात तर तीच जास्त असत. पण एक जिवंत पक्षीण आणि एक पुसलेली वायर समोरासमोर ठेवल्यावर वायरीची लाज वाटणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

बाई म्हणाल्या, "परवा सकाळी परत येते. तोवर झाड ओळखू येईल असं काहीतरी द्या."

त्याच दुपारी आम्ही रिक्षाने घाटकोपरला गेलो. नशिबाने ती लेन्स अजून विकली गेली नव्हती. रेवा, आजोबांनी काय केलं ते वाच. खिशातली टॉर्च काढून लेन्सच्या एका बाजूने उजेड सोडला आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तशी लेन्स घ्यायची नाही. कडेला दोन-चार ओरखडे होते, ते चालतात. आपल्या कॅमेऱ्याला ती बसते ना, हे लावून पाहिलं. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं बटण चालतं ना, ते पाहिलं. समोरच्या इमारतीवरची पाटी एकदा जवळून, एकदा लांबून टिपली. पंधरा मिनिटांत वर्षभराचं काम झालं. घरी आल्यावर मी एका जुन्या उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून तोंड शिवलं. ती थैली कठड्यावर ठेवली आणि लेन्स तिच्यावर टेकवली. आजोबांचा हात थरथरायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर चार वेळा आला. आजोबांनी जागेवरून न हलता नुसती लेन्सची कडी फिरवली. आधी पूर्ण झाड, मग खोड, मग ढोली, मग चोच. फोटोंना ना कळा ना लोणी. थोडे काळपट, थोडे खरबरीत. पहिल्याच फोटोत केबलची वायर होती, मागे ए विंगच्या भिंतीवर रंगवलेलं सोसायटीचं नाव होतं, आणि नावाच्या खाली कुणाचा तरी जांभळा परकर वाळत होता.

ठरल्या सकाळी बाई आल्या. त्यांनी फोटो एकापाठोपाठ एक पाहिले, मान वर करून वायर पाहिली, भिंत पाहिली. परकरही अजून तिथेच होता. "हे चालेल," त्या म्हणाल्या, आणि सावंतांना सांगितलं, "पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. नंतरचं नंतर बघू." सावंतांनी फोटो मागून घेतले, जवळ धरून पाहिले आणि म्हणाले, "काका, अवो, खरंच बाई आत हा की!" त्यानंतर झाडाखाली कुणी हॉर्न वाजवला की तेच ओरडायला जाऊ लागले.

कर्णिकांनीही ते फोटो पाहिले. "नॉइज फार आहे काका, नुसते दाणे दाणे. आणि तो परकर! क्रॉप तरी करायचा." संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी स्वतःचा सोनेरी सहीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या प्रयत्नांना यश.' सत्तावन्न लोकांनी त्यांना नमस्काराचे हात पाठवले. आजोबांनीही पाठवले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

कर्णिकांना मी शेवटचं नीट पाहिलं ते मादी बाहेर आली त्या सकाळी. पुढे पावसाळ्यात ते घर सोडून ठाण्याला मुलाकडे गेले. त्या दिवशी सात वाजताच ढोलीच्या आतून ठकठक सुरू झाली आणि दाराचे तुकडे खाली पडायला लागले. आजोबांनी मला हाक मारली. खिडक्या-खिडक्यांत लोक आले. कर्णिक जाकीट घालून, पाचशे आणि ट्रायपॉड घेऊन खाली धावले.

झाडाखाली त्यांनी ट्रायपॉड मांडला आणि डोळा लावला. पाचशेत झूम नसतं. जवळची गोष्ट तिच्यात मावत नाही, तुम्हालाच लांब जावं लागतं. ते मोटारसायकलींपर्यंत मागे गेले, पुन्हा डोळा लावला, मान हलवली. मग फाटकापर्यंत गेले. मग फाटकाबाहेर. वॉचमन "सर, गाडी, गाडी!" म्हणून ओरडला. एक रिक्षा शिव्या देत त्यांना वळसा घालून गेली. शेवटी ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पोचले, तिथे त्यांचं समाधान झालं असावं. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीचा पाण्याचा टँकर आला आणि नेमका त्यांच्यापुढे उभा राहिला.

मादी बाहेर आली. मळकी, शेपटी वाकलेली. ए विंगच्या छज्ज्यावर ती थोडा वेळ तशीच बसली, जणू पंख म्हणजे काय ते आठवत होती. मग उडाली. दोन्ही विंगांवरून वर गेली आणि डोंगराच्या बाजूला दिसेनाशी झाली. आजोबांच्या मांडीवर कॅमेरा होता. त्यांनी तो उचलला नाही. त्यांनी माझा हात धरला होता.

टँकर हलला. रस्त्यापलीकडून कर्णिक लेन्सवरून डोळा न काढता ओरडले, "काकू, निघाली का हो?"

"नाही अजून," मी म्हटलं.

कर्णिकांनी मान डोलावली, ट्रायपॉडचे पाय आणखी घट्ट रोवले आणि पाचशे पुन्हा त्या, आता नुसती पिल्लं उरलेल्या ढोलीवर धरली. ऊन चढत होतं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले.